जोडी बघायची तर समोरचे स्टॉपर बघा

पुण्यातल्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या 17 वर्षांखालच्या फुटबॉल संघात दोन चांगले फॉरवर्ड आहेत. एक उंच, अंगानं भरलेला. दुसरा लहानखुरा आणि वेगवान. एकेकटा पुढं ठेवला की दोघंही गोल मारतात, पण एकत्र उतरवल्यावर पाच सामन्यांत मिळून दोनच गोल झाले. दोघं एकाच सोसायटीत राहतात, सरावाला बरोबर येतात, घट्ट मित्र आहेत. ही जोडी जमतेय की नाही हे कशावरून ओळखायचं, की एकाला सरळ विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला टाकावं?

सर, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. विंगला टाकू नका, निदान महिनाभर तरी नको. पाच सामन्यांत दोन गोल ही काळजीची गोष्ट आहे, मान्य. पण त्यावरून एवढंच कळतं की गोल झाले नाहीत. बॉल पुढं आलाच नाही म्हणून झाले नाहीत, की आला आणि दोघं एकमेकांच्या पायात आले म्हणून झाले नाहीत, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. मी पुण्यात 24 वर्षं मुलांना शिकवतोय आणि त्यातला बराचसा वेळ फॉरवर्डवर गेलाय. इतक्या वर्षांत जोड्या तोडण्याची घाई मी स्वतः केलेली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो.

गोलांची बेरीज हा जोडी मोजायचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा मार्ग. 2008-09 मध्ये वोल्फ्सबुर्गनं जर्मनीची बुंडेसलिगा जिंकली तेव्हा ग्राफितेनं 28 गोल मारले होते आणि एडिन जेकोनं 26. दोघांचे मिळून 54. आकडा ऐकला की छाती दडपते. पण त्या दोघांच्या मागं झ्वेझदान मिसिमोविच होता, आणि त्यानं एकट्यानं त्या मोसमात 20 गोल बनवून दिले होते. ग्राफिते आणि जेको थोर होतेच, पण नुसत्या 54 या आकड्यावरून त्यांनी एकमेकांसाठी काय केलं हे कळत नाही. याउलट टॉटनहॅमच्या हॅरी केन आणि सोन ह्युंग-मिन यांचा हिशोब पाहा. प्रीमियर लीगमध्ये या दोघांनी एकमेकांना दिलेल्या पासवर 47 गोल झाले, तो तिथला विक्रम आहे. त्यातले 24 सोननं मारले, 23 केननं. देणंघेणं जवळजवळ बरोबरीचं. हा आकडा जोडीबद्दल खरंच काही सांगतो, कारण यात एकाचा गोल आणि दुसऱ्याचा पास एकत्र मोजलेत.

शाळेच्या संघात एवढा हिशोब कोणी ठेवत नाही आणि सामनेही थोडे असतात. म्हणून डोळ्यांनी ओळखायला शिकावं लागतं. माझी सवय अशी, की पहिली 10 मिनिटं मी आमच्या फॉरवर्डकडं बघतच नाही, समोरच्या दोन स्टॉपरकडं, म्हणजे गोलपुढं मधोमध उभ्या असलेल्या बचावपटूंकडं बघतो.

त्याचं कारण सोपं आहे. समोर दोन स्टॉपर आणि आपला एकच फॉरवर्ड असला की एक स्टॉपर अंगाला भिडतो आणि दुसरा मागं राखण करतो. पहिला चुकला तर दुसरा आहेच. आपण दोन फॉरवर्ड ठेवतो ते ही राखण मोडायला. दोघांना दोघं अडकले की मागं मोकळा माणूस उरत नाही, आणि एका चुकीची किंमत गोल होते. पण हे कागदावर. मैदानात आपले दोघं एकाच स्टॉपरच्या समोर येऊन उभे राहिले तर तो एकटा दोघांना सांभाळतो आणि दुसरा निवांत मागं थांबतो. म्हणजे माणसं दोन, काम एकाचं. आणि तो दुसरा माणूस आपण हाफमधून, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूंतून काढून पुढं आणलेला असतो, त्यामुळं मधे आपण एकानं कमी पडतो. तुमचे गोल कमी होण्याचं कारण मला दूर बसून विचारलं तर मी पहिला संशय इथं घेईन.

तर स्टॉपरकडं बघा. ते एकमेकांकडं बोट दाखवून "तुझा, तुझा" ओरडतायत का? मान सारखी मागं वळवतायत का? एखादा स्टॉपर आपल्या फॉरवर्डच्या मागं हाफ लाइनपर्यंत ओढला गेला आणि परत जायचं की थांबायचं हे न कळून मधेच उभा राहिलाय का? हे दिसत असेल तर गोल झाला नसला तरी तुमची जोडी काम करतेय. आणि स्टॉपर कमरेवर हात ठेवून गप्पा मारत असतील, तर दोन गोल झाले असले तरी ते जोडीमुळं झालेले नाहीत.

यानंतर फॉरवर्डकडं वळायचं. पण ज्याच्याकडं बॉल येतोय त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही, त्याला तर सगळं मैदान बघत असतं. हाफनं पास मारला, बॉल अजून वाटेत आहे, तेवढ्यात दुसरा काय करतो ते बघा. बॉल साथीदाराच्या पायात पोचल्यावर जो हलायला लागतो तो उशिरा हललेला असतो. जो बॉल निघताक्षणी निघतो तो वेळेवर पोचतो. मला जर जोडीबद्दल एकच गोष्ट मोजायची मुभा दिली तर मी हीच मोजेन. साथीदाराकडं बॉल निघाला, अशा दहा वेळांपैकी किती वेळा दुसरा लगेच निघाला. कुठं निघाला हा पुढचा प्रश्न. सहा-सात वेळा निघत असेल तर बाकी सगळं शिकवता येतं. दोन-तीनदाच निघत असेल तर ते दोघं शेजारी राहणारे दोन फॉरवर्ड आहेत, जोडी नव्हे.

लोकांना वाटतं हे अंतर्ज्ञानानं होतं. यावर एक खरी गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो. सत्तरच्या दशकात लिव्हरपूलकडं जॉन टोशॅक आणि केविन कीगन अशी जोडी होती. टोशॅक उंच, कीगन बुटका. टोशॅकनं हेडनं बॉल सोडला की कीगन तिथं हजर. त्यांना एकमेकांच्या मनातलं कळतं असं लोक म्हणायला लागले, तेव्हा टीव्हीवाल्यांनी दोघांची पत्ते ओळखायची परीक्षा घेतली. टोशॅकनं बहुतेक बरोबर ओळखले. पुढं त्यानंच सांगून टाकलं की कॅमेऱ्याच्या भिंगात त्याला पत्त्यांचं प्रतिबिंब दिसत होतं. मैदानातही असंच. मनकवडेपणा नसतो, दिसणारी खूण असते. टोशॅक कोणत्या पायावर उडी घेतोय, खांदे कुठं वळलेत, यावरून बॉल कुठं पडणार ते कीगनला कळत होतं, कारण त्यानं तेच शेकडो वेळा पाहिलं होतं.

याच जोडीचा एक सामना पुणेकरांनी लक्षात ठेवावा असा आहे, कारण तो पावसानं घडवला. 1973 च्या मे महिन्यात युएफा कपच्या अंतिम फेरीचा पहिला सामना, लिव्हरपूल विरुद्ध बोरुसिया मोंशनग्लाडबाख. टोशॅक संघात नव्हता. एवढा पाऊस झाला की 27 मिनिटांनंतर सामना थांबवावा लागला. पण तेवढ्यात मॅनेजर बिल शँकली यांनी पाहून घेतलं होतं की जर्मन बचाव उंच बॉलला कच्चा आहे. दुसऱ्या दिवशी सामना नव्यानं सुरू झाला तेव्हा ब्रायन हॉलच्या जागी टोशॅक होता. टोशॅकनं हेडनं बॉल दिले आणि कीगननं दोन गोल मारले. 3-0. परतीचा सामना लिव्हरपूल 2-0 नं हरलं, तरी कप त्यांचाच. टोशॅकच्या नावावर त्या दिवशी एकही गोल नाही. तुमच्या शाळेच्या फलकावर त्या सामन्याचं काय लिहिलं गेलं असतं, याचा विचार करा. "कीगन 2" एवढंच.

आता अंतर. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण आपल्याकडं इथंच सगळं बिघडतं. दोघांमधलं अंतर साधारण दहा-बारा पावलं असावं. कसोटी अशी, की एका साध्या पासात बॉल पोचला पाहिजे, पण एका स्टॉपरला मान न वळवता दोघं दिसता कामा नयेत. जवळ आले तर एका स्टॉपरच्या नजरेत दोघं मावतात. वीस-पंचवीस पावलं लांब गेले तर दोघं एकटे पडतात, आणि पहिल्यानं बॉल अडवून धरला तरी द्यायला कोणी नसतं.

आणि दोघं एका रेषेत नकोत. हे मी किती वेळा ओरडलो असेन याची गणती नाही. दोघं आडव्या रेषेत, ऑफसाइडच्या (पास निघताना समोरच्या शेवटच्या बचावपटूच्याही पुढं असण्याच्या) काठावर, मागून थ्रूची, म्हणजे बचावाला भेदून जाणाऱ्या पासची वाट बघत उभे. मग स्टॉपर दोन पावलं पुढं आले की दोघंही एकदम ऑफसाइड. उंच बॉल आला, एकानं हेड मारला, तर तो पडणार कुठं? दुसरा त्याच्या बाजूला आहे, पुढंही नाही आणि मागंही नाही. तिरकं उभं राहा. एक चार-पाच पावलं खाली, एक वर. आणि हालचाल उलटी: एक बॉल पायात घ्यायला खाली आला की दुसऱ्यानं त्याच क्षणी मागच्या मोकळ्या जागेत जायचं. पहिल्याच्या मागं स्टॉपर आला तर त्यानं सोडलेल्या जागेत दुसरा शिरतो. स्टॉपर आला नाही तर पहिला आरामात वळतो. स्टॉपरनं काहीही केलं तरी ते चुकलं पाहिजे. दोघंही खाली आले तर मात्र स्टॉपरला काहीच ठरवावं लागत नाही.

पुण्यातली मुलं दोघंही खाली येतात आणि याचं एक कारण मला अगदी स्पष्ट दिसतं. गेल्या दहा-बारा वर्षांत बाणेर, वाकड, कोथरूड, कोंढवा, जिकडं बघाल तिकडं जाळी लावलेले टर्फ झालेत. तासाचं भाडं द्यायचं, पाच-पाच किंवा सात-सात जण खेळायचं. त्यातून पोरांचे पाय चांगले झाले, हे मोकळेपणानं सांगतो. बॉल थांबवणं, अरुंद जागेत सुटणं, यात आजची मुलं आमच्या वेळच्या मुलांपेक्षा कितीतरी पुढं आहेत. पण तिथं ऑफसाइड नसतो, मागं पळायला जागाच नसते. सगळे बॉल पायात मागतात. असा मुलगा मोठ्या मैदानावर आला की पंचवीस मीटर मोकळी जागा समोर असून त्याला ती दिसत नाही. तुमची मुलं आठवड्यातून किती दिवस टर्फवर खेळतात, हे एकदा विचारा. चारपैकी तीन दिवस असेल तर दोष मुलांचा नाही. त्यांना पूर्ण मैदान द्या, शेवाळलेलं, चिखलाचं, कसंही असलं तरी द्या.

मैत्रीचा मुद्दा. तुम्ही तो आशेनं लिहिलाय असं जाणवलं. मैत्रीनं सराव आनंदाचा होतो, पण मैत्री म्हणजे जोडी नव्हे. मँचेस्टर युनायटेडच्या अँडी कोलचं उदाहरण याबाबतीत बोलकं आहे. 1998 मध्ये ड्वाइट यॉर्क तिथं आला आणि दोघांची दोस्ती झाली. त्या मोसमात दोघांनी मिळून सगळ्या स्पर्धांत 53 गोल मारले आणि संघानं तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पण त्याच क्लबात टेडी शेरिंगहॅमही होता, आणि कोल त्याच्याशी अनेक वर्षं बोलत नव्हता. कोलनंच नंतर हे सांगितलं. 1995 मध्ये इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळताना तो शेरिंगहॅमच्या जागी उतरत होता, तेव्हा शेरिंगहॅमनं त्याच्याकडं दुर्लक्ष केलं, तो सल राहिला. तरी मैदानात दोघं एकमेकांना पास देत होते, गोल करत होते.

माझ्याकडंही अशी एक जोडी होती. एक मुलगा खडकीचा, एक कॅम्पातला. बसमध्ये एक पुढं बसायचा, एक मागं. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. मैदानात मात्र एकाचा खांदा वळला की दुसरा सुटायचा. एकदा मी खडकीच्या मुलाला विचारलं, तुला कसं कळतं रे तो कुठं देणार? तो म्हणाला, "सर, तो देण्याआधी डावा हात लांब करतो." त्या मुलानं ते शोधून काढलं होतं, कारण त्याला साथीदाराची गरज होती.

घट्ट मित्रांमध्ये उलट एक अडचण येते, ती सांगून ठेवतो. ते एकमेकांवर रागावत नाहीत. पास आला नाही तर "जाऊ दे" म्हणतात. जोडीला थोडी तक्रार लागते. "मी सुटलो होतो, तू बघितलं नाहीस" हे ज्याला बोलता येत नाही त्याची धाव पुढच्या वेळी वाया जाते आणि मग तो धावणंच सोडतो. तुमच्या दोघांना सरावानंतर पाच मिनिटं समोरासमोर बसवा आणि प्रत्येकाला एकच वाक्य बोलायला सांगा: आज मला बॉल कधी हवा होता आणि मिळाला नाही.

मैदानातले शब्दही ठरवून घ्या. आम्ही तीनच वापरतो. "वळ" म्हणजे मागं कोणी नाही. "मागं" म्हणजे अंगावर माणूस आहे, एका टचमध्ये दे. "सोड" म्हणजे बॉलला हात लावू नको, पाय लावू नको, जाऊ दे, मी मागं आहे. हा तिसरा शब्द सगळ्यात अवघड, कारण फॉरवर्डला आलेला बॉल सोडायचा म्हणजे जिवावर येतं. 25 नोव्हेंबर 1998 ला बार्सिलोनाच्या मैदानावर झालेल्या 3-3 च्या सामन्यातला कोलचा गोल मुलांना दाखवा. युनायटेडच्याच रॉय कीननं मधून पास दिला, यॉर्कनं तो घेतोय असं दाखवून सोडला, मागं कोल होता, कोलनं यॉर्कला दिला, यॉर्कनं परत कोलला, आणि गोल. मी ती फीत मुलांना तीनदा दाखवतो. पहिल्यांदा बॉल बघा, दुसऱ्यांदा यॉर्कचे पाय बघा, तिसऱ्यांदा फक्त स्टॉपर बघा.

उंच आणि वेगवान, हा तुमच्या पत्रातला भाग मला थोडा खटकला, तेही मोकळेपणानं सांगतो. उंच आहे म्हणजे तो उंच बॉल घेणार आणि छोटा त्याच्या अवतीभवती पळणार, हे आपण न विचारता ठरवून टाकतो. मी एका मुलाच्या बाबतीत हीच चूक केली. सहा फुटी मुलगा. दोन मोसम मी त्याला गोलकडं पाठ करून उभा केला आणि लांब बॉल मारत राहिलो. त्याला हेडची भीती होती आणि ती तो सांगू शकला नाही. त्याचा खरा गुण लांब ढांगा टाकत मागच्या जागेत पळण्यात होता, आणि त्याचा बुटका साथीदार पाठीवर स्टॉपर घेऊन बॉल दडवण्यात विलक्षण होता. मी दोघांना एकमेकांची कामं देऊन बसलो होतो आणि वर "जोडी जमत नाही" म्हणून त्यांना तोडलं. तो मुलगा पुढच्या वर्षी फुटबॉल सोडून गेला. आजही कोणी उंच मुलगा आणला की मी त्याला आधी पळायला सांगतो. तुमच्या दोघांची एक सराव सामन्यात कामं बदला. अर्धा तास. काय दिसतं ते बघा.

क्रॉसबद्दल, म्हणजे कडेवरून गोलसमोर येणाऱ्या बॉलबद्दल, एकच नियम पुरतो. बॉल ज्या बाजूला आहे त्या बाजूचा फॉरवर्ड गोलच्या पहिल्या, जवळच्या खांबाकडं जोरात जातो, दुसरा क्षणभर थांबतो आणि मग मागं सरकतो. शिकवायचं असतं ते थांबणं, धावायला सगळ्यांना येतं.

बॉल समोरच्यांकडं असताना दोघं काय करतात, हाही जोडीचाच भाग आहे, जरी प्रेक्षकांना तो दिसत नसला तरी. एक जण बॉल असलेल्या स्टॉपरवर तिरका जातो, म्हणजे त्याला एकाच बाजूला पास देता येईल. दुसरा त्या वेळी दुसऱ्या स्टॉपरकडं पळत सुटत नाही, तो खाली सरकून त्यांच्या मधल्या हाफची वाट अडवतो. दोघंही एकदम बॉलवर धावले तर एका पासात दोघं कापले जातात आणि आपले दोन हाफ तिघा-चौघांसमोर उघडे पडतात. दोन फॉरवर्ड ठेवून मैदान हरणारे बहुतेक शालेय संघ इथंच हरतात. तुमच्या पाच सामन्यांत हाफमध्ये बॉल टिकत होता का, हे आठवून बघा. नसेल तर गोल न होण्याचं मूळ तिथं असू शकतं, आणि मग उपाय असा, की दोघांपैकी एकानं बॉल गेल्याबरोबर हाफमध्ये तिसरा म्हणून उतरायचं. कोणी उतरायचं हे आधी ठरलेलं नसलं तरी चालेल, जो बॉलच्या जवळ तो उतरेल. पण एक उतरलाच पाहिजे.

जोडी म्हणजे दोघं शेजारी शेजारी असंही नसतं. एफसी पुणे सिटी बालेवाडीला खेळायचं तेव्हा 2017-18 च्या मोसमात मी मुलांना घेऊन जायचो. त्या वर्षी संघ पहिल्यांदाच शेवटच्या चारांत पोचला होता. एमिलियानो अल्फारो पुढं, मार्सेलिन्यो त्याच्या मागं मोकळा. मार्सेलिन्यो आधीच्या मोसमात दिल्लीकडून 10 गोल मारून इंडियन सुपर लीगमध्ये पहिला आला होता, त्यामुळं मुलांच्या नजरा त्याच्यावरच. मी सांगायचो, मार्सेलिन्योकडं बॉल आला की तुम्ही अल्फारोकडं बघा. तो स्टॉपरना घेऊन मागं मागं जायचा, आणि त्यांच्यासमोर जी जागा पडायची तिथं मार्सेलिन्यो वळायचा. बॉलला पायही न लावता अल्फारोनं ती जागा केलेली असायची. पहिल्या सामन्यात मुलं कंटाळली. दुसऱ्या सामन्यात एक जण मध्येच ओरडला, "सर, ओढला त्यानं!" मला त्या संध्याकाळचं तिकीट वसूल झाल्यासारखं वाटलं. पुढं उपांत्य फेरीत बेंगळुरूविरुद्ध इथं 0-0 झालं आणि तिकडं सुनील छेत्रीनं तीन गोल मारून आपल्याला 3-1 नं बाहेर काढलं. ती हार मुलांना खूप लागली, मलाही लागली. पण अल्फारोच्या त्या धावा त्यांच्या खेळात उतरल्या. तुमच्या दोघांपैकी एकाला खाली येऊन मोकळं खेळणं आवडत असेल तर विंगऐवजी हा पर्याय आधी करून बघा. विंगला गेलेला फॉरवर्ड साथीदारापासून तीस मीटर लांब जातो आणि साइड बॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या मागं पळून दमतो.

सरावात काय करायचं ते सांगतो. आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं पुरे. साधारण 25 बाय 20 मीटरचा चौकोन आखा, एका टोकाला गोल आणि गोलकीपर. दोन फॉरवर्ड, दोन स्टॉपर, आणि बाहेरून पास देणारा एक हाफ. पहिला आठवडा अट अशी की दोघांचा पाय लागल्याशिवाय गोल मोजायचा नाही. ही अट दुसऱ्या आठवड्यात काढून टाका, नाहीतर मुलं मोकळा शॉट सोडून उगाच पास देत बसतात. दुसऱ्या आठवड्यापासून गोलबरोबर आणखी एक गोष्ट मोजा: स्टॉपर जागेवरून ओढला गेला आणि त्या जागेतून बॉल गेला, तर गोल होवो न होवो, एक गुण. पाठीवर माणूस घेऊन बॉल दडवण्याचा सराव दोघांनीही करायचा, फक्त उंच मुलानं नव्हे. तिसऱ्या आठवड्यात हेच आठ विरुद्ध आठमध्ये, अर्ध्या मैदानावर, ऑफसाइडसकट.

एक गोष्ट पालकांबद्दल. निवड चाचणी जवळ आली की लाइनवरून "मार! मार! शूट!" असे आवाज येतात. प्रत्येक घरात आपल्या मुलाचे गोल मोजले जातात, आणि मुलाला ते माहीत असतं. दोन मित्र असले तरी दोघांच्या घरी वेगळा हिशोब चालू असतो. मी पालकांना दोष देत नाही. निवड करणारेही बहुधा गोलच विचारतात. पण आपल्या हातात फलक असतो. आमच्याकडं सामन्यानंतर पहिलं नाव पास देणाऱ्याचं लिहितात, त्यापुढं गोल मारणाऱ्याचं. स्टॉपर ओढून जागा करणाऱ्याचं नावही, आठवत असेल तर, लिहितात. सुरुवातीला एका वडिलांनी विचारलं, सर, हे काय नवीन? आता तेच सामना संपल्यावर विचारतात, आज ओढला कोणी?

महिन्यानंतर काय दिसलं तर जोडी सोडून द्यायची? बॉल निघाल्यावर दुसरा अजूनही बघत उभा राहत असेल, दोघांनाही बॉल फक्त पायातच हवा असेल आणि कामं बदलूनही फरक पडत नसेल, तर एकाला सुरुवातीला आणि दुसऱ्याला उत्तरार्धात खेळवा. त्यात कमीपणा नाही. दोघांशी आधी बोला, संघाची यादी वाचताना ते त्यांना पहिल्यांदा कळू देऊ नका.

आणि वहीबद्दल. पुढच्या तीन सामन्यांसाठी एक वही घ्या, पानावर चार खाने: बॉल साथीदाराकडं निघाला तेव्हा दुसरा निघाला की नाही, दोघांमध्ये किती पास झाले, स्टॉपर किती वेळा ओढला गेला, आणि क्रॉसला दोघं किती वेळा एकाच जागी धावले. नुसत्या उभ्या रेघा मारायच्या, अर्ध्या वेळाला मोजायच्या. ही वही तुम्ही धरू नका, तुम्हाला सगळा संघ बघायचाय. बेंचवर बसलेल्या तिसऱ्या फॉरवर्डकडं द्या. तो तसाही त्या दोघांकडंच बघत असतो, आणि त्याला उतरवाल तेव्हा दोघांपैकी कोण कधी निघतो हे त्याला पाठ झालेलं असेल.